काचघरातले पाणी जाते कुठे?

हेग आणि रॉटरडॅमच्या मधल्या वेस्टलँड भागात काचघरे संपता संपत नाहीत. आत टोमॅटोच्या वेली दोरांवर चढवलेल्या, आणि मुळे मातीत नाहीत, तर खडक वितळवून काढलेल्या तंतूंच्या लाद्यांत. मातीतल्या बुरशी-सूत्रकृमींना आणि दरवर्षी माती निर्जंतुक करण्याच्या खर्चाला कंटाळून डच शेतकऱ्यांनी मातीच सोडली. पण माती खत धरून ठेवते, ते काम लादी करत नाही.

म्हणून ठिबकमधून झाडाच्या गरजेपेक्षा जास्त द्रावण सोडतात. नाहीतर लादीत क्षार साचतात आणि रांगेतली काही झाडे उपाशी राहतात. साधारण पाव ते तिसरा हिस्सा लादीखालच्या पन्हळीत उतरतो. दिसायला हे पाणी स्वच्छ असते. पण टोमॅटोच्या द्रावणात लिटरमागे नऊशे ते हजार मिलिग्रॅम नायट्रेट असते. आपल्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ४५च्या वर चालत नाही. शिवाय स्फुरद आणि कीटकनाशकांचे अंश. पूर्वी हे सगळे सरळ शेजारच्या कालव्यात जाई.

उपाय वरवर सोपा आहे: निचरा गोळा करा, अतिनील किरणांनी रोगजंतू मारा, कमी पडलेले खत घाला आणि तेच पाणी पुन्हा फिरवा. बहुतेक डच काचघरे हेच करतात. घोडे अडते ते सोडियमपाशी. झाड नत्र, पालाश उचलते. सोडियमला जवळपास हात लावत नाही. दर फेरीला ते वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर सगळे द्रावण ओतून द्यावे लागते. म्हणजे यंत्रणा कितीही महाग असो, ती बंदिस्त राहणार की नाही हे भरायच्या पाण्यातले मीठ ठरवते.

म्हणूनच तिथे हेक्टरी किमान ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर, पावसाचे पाणी साठवण्याचा नियम आहे. कोरड्या उन्हाळ्यात तेही संपते. भूजल खारट, म्हणून ते आरओतून काढायचे. मग उरलेले खारे पाणी जमिनीत खोल सोडायचे की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद आहे. गाळण्या धुतलेले पाणी वेगळेच. १ जानेवारी २०१८पासून बाहेर सोडायच्या पाण्यातली किमान ९५ टक्के कीटकनाशके काढणे सक्तीचे झाले. नत्र-स्फुरदाची गळती जवळपास शून्यावर आणायला मुदत २०२७ची.

आपल्या पॉलिहाऊसांत लादीऐवजी कोकोपीट येते. नारळाच्या सोडणाच्या त्या भुशात सोडियम आणि पालाश मुळातच असते. ते कॅल्शियम नायट्रेटने धुऊन काढावे लागते, म्हणजे रोप लागण्याआधीच पहिले सांडपाणी तयार. नव्वद टक्के पाणीबचतीच्या जाहिरातीत ते मोजलेले नसते.

तेव्हा माती-विरहित शेतीचा प्रकल्प घेऊन कोणी दारात आले, तर उत्पन्नाचा तक्ता नंतर पाहा. आधी विहिरीच्या पाण्यातला सोडियम तपासून घ्या, आणि निचऱ्याची पाइप कुठे जाऊन संपते ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.