लाकूड कुठलं, हे शेवटी विचारा

खोकं उघडल्यावर आतून निघालं ते असं: खाचा पाडलेलं, बिनरंगाचं लाकडी अंग; वेगळी मान, तिच्यावर फ्रेट आधीच ठोकलेले; सहा खुंट्या, ब्रिजची पोलादी पट्टी, दोन पिकअप, नॉब, मूठभर स्क्रू आणि तारांची पुडी. टेलिकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचं हे किट पावसाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पसरलेलं होतं. त्या काळात घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "लाकूड कुठलं?" कोणी सागवान सुचवलं, कोणी शिसवी. एका मामांनी तर अंगावर टिचकी मारली, कान लावला आणि "बद्द वाजतंय" असा निकालही देऊन टाकला.

प्रश्न बरोबर आहे, फक्त वाद्य चुकलंय. तानपुऱ्यात तारेबरोबर तबली हलते, भोपळ्यातली हवा हलते आणि ती हवा आपण ऐकतो. तिथे लाकूड बदललं की आवाज बदलतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग भरीव. तिचा आवाज पिकअपमधून येतो, आणि पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली, केसाइतकी बारीक तांब्याची तार, सात-आठ हजार वेढे. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही थोडी चुंबक होते. ती हलली की चुंबकक्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. फॅरडेने 1831 साली दाखवलेलं हेच ते. पटत नसेल तर याच गिटारला नायलॉनच्या तारा लावून बघा. लाकूड तेच, छेडणारा हात तोच, पण स्पीकरमधून जवळपास काही येत नाही.

म्हणून लाकडाला काहीच अर्थ नाही, असं नाही. तार किती वेळ टिकते यात अंगाचा आणि मानेचा थोडा हात असतो. पण पिकअप एक मिलिमीटर वर-खाली केल्यावर पडणारा फरक कोणालाही ऐकू येतो. लाकडाचा फरक ऐकायला कानापेक्षा श्रद्धा जास्त लागते, असं माझं मत. 1940च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गिटारवादक लेस पॉलने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्याला मान आणि पिकअप जोडले. ते गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे अर्धे पंख चिकटवले. पंख फक्त शोभेचे. ब्रायन मेने 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याची बटणं तिच्यावर खुणा म्हणून बसली. पुढे त्याच्या क्वीन बँडची गाणी त्या गिटारवर वाजली. (त्याच क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपण कुठल्याही निमित्ताने सांगतोच, म्हणून मीही सांगितलं.)

लाकडाला विचारायचे खरे प्रश्न वेगळेच. ते नीट सुकलंय का? स्क्रू धरून ठेवतं का? मान सरळ आहे का? वजन खांद्याला झेपेल का? माझ्या किटचं अंग बासवूडचं होतं: हलकं, मऊ, नखाने वळ उठेल असं. चालतं. "परदेशी लाकूडच हवं" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 1960च्या दशकात ब्राझीलचं शिसवी मिळेनासं होत गेलं, तेव्हा बड्या अमेरिकन कारखान्यांनी बोटांच्या पट्टीसाठी भारतीय शिसवी वापरायला घेतलं. तेच, जे आपल्या पश्चिम घाटात वाढतं.

दुसरा समज किटबद्दलचा. काहींना वाटतं ते खेळणं आहे, काहींना वाटतं कपाटासारखं स्क्रू पिळले की झालं. खेळणं नक्कीच नाही. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याने 1950 साली जी गिटार बाजारात आणली (टेलिकास्टर हे नाव 1951चं), तिची मान चार स्क्रूंनी जोडलेली होती. खराब झाली तर काढा, दुसरी बसवा. म्हणजे मूळ गिटारच सुट्या भागांची. किटमध्ये ती जुळवायची वेळ कारखान्याऐवजी आपल्यावर येते, इतकंच.

पण कपाटही नाही. तार दोन ठिकाणी टेकते, वर नटच्या खाचेत आणि खाली ब्रिजच्या सॅडलवर. मध्ये बोट दाबलं की ती फ्रेटवर टेकते. गिटार वाजते की कुरकुरते, हे या टेकण्याच्या जागा ठरवतात. मिरजेच्या कारागिरांना हे कोणी शिकवायला नको. तानपुऱ्याची जवारी म्हणजे घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर तार घासत टेकवण्याची कला. त्या झणझणाटासाठी ते तासन्‌तास कानस चालवतात. गिटारमध्ये नेमका हाच झणझणाट दोष ठरतो आणि तो घालवण्यासाठी आपण तासन्‌तास कानस चालवायची. कारण किटच्या मानेवरचे फ्रेट ठोकलेले असतात, समपातळीत असतातच असं नाही. सगळ्या फ्रेटच्या डोक्यावर मार्करने काळी रेघ ओढायची, सपाट पट्टीवर चिकटवलेला पॉलिश पेपर मानेच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा आणि बघायचं. जिथली शाई गेली तो फ्रेट उंच. जिथली राहिली तो खाली. माझ्या मानेवर सातव्याची शाई पहिल्याच फेरीत गेली आणि आठव्याची सहाव्या फेरीपर्यंत हलली नाही. सगळ्यांची शाई गेली की प्रत्येक फ्रेटचा माथा कानशीने पुन्हा गोल करायचा, नाहीतर सपाट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते हे तिलाच कळत नाही आणि सूर डळमळतो.

"भोकं आधीच पाडलेली आहेत, म्हणजे माप बरोबरच असणार," हाही असाच एक भोळा विश्वास. फेंडरच्या मापात नटपासून सॅडलपर्यंतची तार 648 मिलिमीटर, म्हणजे बारावा फ्रेट नटपासून बरोबर 324वर. मोजा. मग दोन्ही कडेच्या खुंट्यांना दोरा बांधून ब्रिजपर्यंत ताणा आणि मानेच्या दोन्ही कडांपासून दोरा सारख्या अंतरावर जातो का ते बघा. ब्रिजचे स्क्रू त्यानंतर. सर्वांत पातळ तारेचं सॅडल 648च्या आसपास येतं, जाड तारेचं त्यामागे तीनचार मिलिमीटर. दाबल्यावर जाड तार जास्त ताणली जाते, त्याची ही भरपाई. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचं आणि स्क्रूला मेणबत्ती घासायची. मी पहिल्याच स्क्रूला दोन्ही केलं नाही. त्याचं डोकं माझ्या हातात आलं, उरलेला अजून आत आहे.

मानेतल्या सळईबद्दल मात्र जाणकारही गोंधळतात. ट्रस रॉड पिळून तारा वर-खाली करायच्या, असं मलाही एका वादकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 45 किलो असतो. मान त्या ताणाने वाकते आणि सळई तिला मागे ओढते. सळईचं काम एवढंच. मान पूर्ण सरळही नको, मध्यभागी पाव मिलिमीटरचा खळगा हवा, म्हणजे हलणाऱ्या तारेला जागा मिळते. तारांची उंची सॅडलच्या स्क्रूंनी ठरवायची. सळईला एका वेळी पाव वळसा, मग दम धरायचा. मान एकदम वळण घेत नाही.

आता रंग. "एका रविवारचं काम," असं मी घरी सांगितलं होतं. ते आषाढात सांगितलं आणि दसरा उलटला.

रंगाच्या डब्यापर्यंत पोचायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग 180, 240, 320, कायम रेषांच्या दिशेने. घाईत एक नंबर वगळला तर त्या वेळी कळत नाही. रंग चढला की आडवे ओरखडे उजेडात येतात, मागचं हिशोबाचं पान कोणीतरी उघडावं तसे. महॉगनी आणि ॲश ही उघड्या छिद्रांची लाकडं, त्यांना फिलर लागतो. बासवूड, मेपल यांना लागत नाही. किटच्या अंगावर कधीकधी कारखान्यातच सीलर मारलेला असतो आणि डोळ्याला तो दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसून बघा: लाकूड सगळीकडे सारखं गडद झालं तर ठीक, पाणी कुठे नुसतं वर राहिलं तर तिथे सीलर आहे किंवा गोंद सांडलाय, आणि तिथे डाय धरणार नाही.

मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर निवडलं, कारण जुन्या गिटारींवर तेच असायचं आणि "ते लाकडाला श्वास घेऊ देतं" असं सगळीकडे ऐकलं होतं. कापून वाळवलेलं लाकूड श्वास घेत नाही. हवेतला ओलावा ते शोषतं आणि सोडतं, आणि कुठलाही पॉलिशचा थर ही ये-जा मंद करतो. एनसी पातळ चढतं, लवकर झिजतं, पुढचा हात मागच्या हातात विरघळून एकजीव होतो म्हणून दुरुस्तीला सोपं, हे त्याचे खरे गुण. श्वासाची कथा विकणाऱ्यांची आहे.

या लॅकरचा एक गुण मात्र डब्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवा: त्याला पाऊस चालत नाही. जुलैतल्या एका कोरड्या वाटणाऱ्या दुपारी गच्चीवर मी तिसरा हात मारला आणि दहा मिनिटांत मधाच्या रंगाचं अंग दुधाळ झालं. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतलं पाणी थरात अडकतं. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका पॉलिशवाल्या काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "दादा, आता हात लावू नका. ऊन पडलं की नुसत्या थिनरचा हलका फवारा द्या." ऊन पडेपर्यंत तीन आठवडे गेले, पण दूध उतरलं.

शेवटच्या हातानंतर आणखी काही आठवडे थांबायचं. वर कोरडं वाटलं तरी आतून थर आकसत असतो. सोपी परीक्षा नाकाची: अंगाला नाक लावून थिनरचा वास आला तर अजून वेळ आहे. त्यानंतर पाण्यातला पेपर, 800पासून 2000पर्यंत, आणि मग चकाकी. कडांवर हात हलका ठेवा, लॅकर तिथे सर्वांत पातळ असतं आणि क्षणात लाकूड दिसू लागतं.

यातलं काहीच नको असेल, तर लाख आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवायची, सतारी-तानपुऱ्यांना लावतात तशी. घाम आणि दारू तिला सोसत नाही, एरवी सुंदर दिसते. जवसाच्या तेलाचं पॉलिशही सोपं, पण "तेल तर निरुपद्रवी" हा समज धोक्याचा. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल सुकताना तयार होणारी उष्णता आतच कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) मात्र घरी फवारू नका. त्यातलं हार्डनर फुप्फुसांना बाधतं आणि कापडी मास्कला ते जुमानत नाही.

स्वस्त पडतं का? नाही. कानस, पेपर, लॅकर, सोल्डरिंग आयर्न हे सगळं धरलं तर तयार गिटार आली असती, आणि विकायला गेलात तर किटचेही पैसे येतील असं नाही.

विजेची जोडणी मला सर्वांत अवघड वाटत होती, ती एका संध्याकाळीत झाली. दोन पॉट, एक स्विच, एक कपॅसिटर, एक जॅक. तपकीर गल्लीतून आणलेली चांगली सोल्डर वायर, आणि जोड आधी गरम करून मग त्यावर सोल्डर वितळवायचा, हे पथ्य. ॲम्प लावला तर आमच्या विजेचा 50 हर्ट्झचा घुमारा. सिंगल कॉइल पिकअपमध्ये तो थोडा असतोच. तारेला बोट लावलं की तो कमी होतो, तेव्हा अनेकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. उलट, सगळं नीट असल्याची ती खूण. आपलं शरीर घरातल्या वायरिंगचा कचरा गोळा करत असतं. तारेला, तारेतून ब्रिजला आणि ब्रिजखालच्या वायरीतून ॲम्पच्या अर्थला हात लागला की शरीरही अर्थ होतं. म्हणूनच ॲम्पची तिसरी पिन खरोखर अर्थला जोडलेली हवी. जुन्या घरात वाजवणार असाल तर वायरमनकडून सॉकेट आधी तपासून घ्या, कारण तारा थेट ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात.

माझ्या गिटारचा घुमारा बोट लावल्यावर वाढला. ब्रिजचे चार स्क्रू काढले, या वेळी मेण लावलेले, सहज निघाले. पट्टीखालची वायर बसवताना भोकात मागे सरकली होती. ती वर ओढली, अर्धा इंच सोलली, पंख्यासारखी पसरली आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. बोट लावलं. घुमारा थांबला. मामा समोरच बसले होते. मी सूर लावायला घेतला.