पागोळी, वळचण आणि आळे

कोकणातील कौलारू घराच्या अंगणात पावसाळ्यात दोन दोष हटकून आढळतात : छपराच्या कडेखाली पडलेला चर आणि ओल चढलेले जोते. त्यांचे निदान तेथील शब्दांतच सापडते. छपराच्या कडेवरून गळणारी धार ती 'पागोळी'. त्या कडेखालची आडोशाची जागा ती 'वळचण'. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे उपायही उघड होतो. वळचणीची जमीन जोत्यापासून बाहेर उतरती असावी. पागोळीच्या रेषेत दगडगोटे घालावेत, म्हणजे माती उखडत नाही. आणि पाणी पाटाने अंगणाबाहेर काढावे.

'आळे' म्हणजे, संस्कृतातील 'आलवाला'प्रमाणेच, झाडाभोवतीचा पाणी धरणारा खळगा. परंतु पाणी धरणे हा त्याचा उन्हाळ्यातील धर्म होय. पावसाळ्यात ते तुंबल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून तेव्हा आळे फोडून द्यावे लागते.

अंगणास सिमेंटचा थर दिला की चर बुजतो, पण पाणी मुरावयाचे थांबते आणि उतार चुकल्यास जोत्याशीच साचते. दोष कायम राहतो. तो ओळखविणारे शब्द तेवढे व्यवहारातून जातात.