माळ्यावरचं अंतराळ

मे 1971. लंडनच्या ईएमआय कंपनीनं पिंक फ्लॉइड या रॉक बँडची एक एलपी बाजारात आणली, तीही स्टारलाइन या आपल्या स्वस्तातल्या लेबलवर. नाव ‘रेलिक्स’. नवा अल्बम यायला अजून अवकाश होता, तेव्हा कंपनीनं सरळ माळा आवरायला काढला. जुन्या सिंगल्स, त्यांच्या मागच्या बाजूची गाणी, आधीच्या अल्बममधले तुकडे आणि कधीच बाहेर न आलेलं एक गाणं, असा सगळा ऐवज एका तबकडीवर आला. मुखपृष्ठावर ड्रमर निक मेसननं स्वतः काढलेलं एक अचाट यंत्र. मेसन वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. त्या यंत्राचं काम काय, हे मात्र चित्र कितीही न्याहाळलं तरी कळत नाही!

पण सुई टेकवा आणि ऐका. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ सुरू होतं आणि साडेनऊ मिनिटांहून जास्त वेळ आपण जमिनीवर नसतो. गिटार खाली खाली घरंगळत येते, सूर विरघळतात, कुठूनतरी हुंकार, कुठूनतरी शिट्ट्या. रेकॉर्डिंगचं वर्ष 1967. बँडकडे सिंथेसायझर नाही. संगणकाचा तर प्रश्नच नाही. मग हे अंतराळ आलं कुठून?

बरंचसं आलं एका फिरत्या चकतीतून.

बिन्सन एकोरेक हे मिलानमध्ये बनलेलं प्रतिध्वनीचं यंत्र. आत एक धातूची चकती अखंड फिरत असते आणि तिच्या कडेवर चुंबकीय तार गुंडाळलेली असते. गिटारचा आवाज विजेच्या रूपात आत येतो आणि रेकॉर्डिंग हेड तो तारेवर चुंबकाच्या खुणांनी उमटवतो. चकती जराशी फिरली की त्या खुणा पहिल्या प्लेबॅक हेडपुढे येतात आणि तोच आवाज पुन्हा वाजतो. मग दुसऱ्या हेडपुढे, तिसऱ्या, चौथ्या. मध्ये जातो सेकंदाचा एक अंश, बस्स. शेवटी एक हेड सगळं पुसून टाकतो आणि पाटी कोरी! आपल्या कानांना मात्र दरी, भुयार, पोकळी भासते. का? कारण आवाज परत यायला लागणाऱ्या वेळावरूनच मेंदू जागेची लांबीरुंदी ताडतो. मेंदूला वेळ दिला की जागा तो स्वतःच बांधतो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. वाजलेला प्रतिध्वनी पुन्हा रेकॉर्डिंग हेडकडे पाठवला, तर प्रतिध्वनीचाही प्रतिध्वनी होतो, त्याचाही पुढे आणखी एक. बटण थोडं जास्त फिरवलं की आवाज विरायच्या ऐवजी फुगतच जातो. वादकानं गिटारच्या तारेला हातही न लावता यंत्र गात राहतं! बँडचा गिटारवादक सिड बॅरेटनं ही खोडी बरोबर हेरली. त्यात तो तारांवरून धातूचा लायटर घासत न्यायचा. ‘सी एमिली प्ले’ या गाण्यातली घसरती गिटार त्यानं प्लास्टिकच्या फूटपट्टीनं वाजवली, असंही म्हणतात.

त्याच गाण्यात एका ठिकाणी पियानो असा काही धावतो की वाजवणाऱ्याला बोटं किती, असा प्रश्न पडावा. त्यामागची युक्ती इतकी साधी की हसू येतं. टेप निम्म्या वेगानं फिरवायची, वादकानं निवांत वाजवायचं, मग टेप पूर्ण वेगानं सोडायची. लय दुप्पट होते आणि सूर आपोआप एक सप्तक वर चढतो.

‘इंटरस्टेलर’मध्ये तर कहरच. बँडनं सगळा तुकडा एकदा वाजवला, मग त्याच टेपवर, पहिलं ऐकत, पुन्हा एकदा अख्खा वाजवला! आधीच बेबंद असलेलं वादन, त्यावर दुसरं बेबंद वादन. दोन्ही कधी जुळतात, कधी एकमेकांना ढुशा देतात आणि त्या फटींतूनच तो अजस्र आवाज उभा राहतो. ही करामत चार ट्रॅकच्या टेपवर झाली. निर्माता नॉर्मन स्मिथ हा त्याआधी बीटल्सचा साउंड इंजिनिअर होता, आणि त्या वेळी बीटल्सही अ‍ॅबी रोडच्या त्याच स्टुडिओच्या इमारतीत ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम ध्वनिमुद्रित करत होते. स्मिथही वल्लीच. ‘रिमेंबर अ डे’ची लय मेसनच्या हातात काही केल्या बसेना, तेव्हा स्मिथ स्वतःच ड्रम्सवर जाऊन बसला. आणि तोवर कधीच बाहेर न आलेलं ते एक गाणं म्हणजे ‘बायडिंग माय टाइम’. त्यात कीबोर्डवाला रिक राइट चक्क ट्रॉम्बोन फुंकतो.

कंपनीनं एक आगाऊपणाही केला. ‘अर्नोल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ मुळात मोनो, पण काळ स्टीरिओचा. मग एकच आवाज गाळून दोन स्पीकरमध्ये वाटला आणि त्याला कृत्रिम स्टीरिओ म्हटलं. माझ्या कानांना तो पातळ लागतो. मूळ मोनो मिळाला तर तोच ऐकावा.

तबकडी निघाली तेव्हा बॅरेटला बँड सोडून तीन वर्षं झाली होती. तरी शेवटचं गाणं त्याचंच, ‘बाइक’. गाणं संपतं आणि मागून घड्याळांचे ठोके, घंटा, चक्रांची खडखड असा सगळा कारखाना घुसतो. मग सुरू होतो बदकांच्या थव्यासारखा एक कलकलाट. टेपचं टोक टोकाला चिकटवून केलेलं ते वेटोळं आहे, त्यामुळे तेच ते पुन्हा पुन्हा येत राहतं. तो आवाज बदकांचा नाही. ते माणसांचं हसू आहे, उलटं फिरवलेलं आणि दुप्पट वेगानं सोडलेलं.