लेणी मोजली, वाटा राहिल्या

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या माणसाला डोंगरभटकंती म्हटले की हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई आठवते. घराच्या उत्तरेला पसरलेली अजिंठ्याची रांग आठवत नाही. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेले, १९८६ साली गौताळा अभयारण्य झाले. त्यानंतरच्या चार दशकांत आपण लेणी जपली, जंगलाची हद्द आखली. या साऱ्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा मात्र कुठल्याच यादीत आल्या नाहीत, आणि माझ्या मते हीच मोठी चूक झाली.

कारण इथे आधी वाट होती, मग लेणे आले. पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. पैठणच्या माणसाने इतक्या आडदरीत दान का द्यावे? दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरणारा माल या घाटांतून जात होता म्हणून. अंतूर किल्ल्याजवळचा फारसी लेख असलेला दिशादर्शक दगड तर सरळ वाटसरूंसाठीच उभा केला होता. घटोत्कच लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणेही त्याचेच दान. जंजाळ्याहून घटोत्कच लेणे पाहून वेताळवाडीच्या किल्ल्याकडे उतरले की तो किल्ला हळद्या घाटावर नजर ठेवायला बांधला, हे कुणी सांगावे लागत नाही. गाडीने एकेक ठिकाण गाठणाऱ्याला हा संबंध दिसत नाही.

ही रांग सह्याद्रीइतकी उंच नाही, असा आक्षेप येतो. खरे आहे, कळसूबाईचे १६४६ मीटर इथे कुठेच नाहीत. पण सपाट पठार अचानक तुटते आणि खाली खानदेश उघडतो, ते दृश्य उंचीवर अवलंबून नाही. पितळखोऱ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद तिथल्या १२०७च्या शिलालेखात आहे. अत्तरविक्या आणि गणिती यांच्यामध्ये एका डोंगराची उतरण आहे!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: माणसांची वर्दळ वाढली तर जंगलाचे काय? २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ चालत गौताळ्यात पोहोचला. त्याची वाट मोडून आपली वाट काढणे मला मान्य नाही. म्हणून मोजक्याच वाटा, लहान गट, दिवसाउजेडी चालणे आणि सोबत गावातला वाटाड्या, एवढी बंधने हवीतच. वाट नोंदली नाही म्हणून माणसे थांबत नाहीत, ती कुठूनही घुसतात.

१८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी समोरच्या कड्यावरून दिसली, असे सांगतात. आज फर्दापूरहून बस थेट लेण्यांपाशी सोडते. लेणापूरच्या बाजूने व्ह्यू पॉइंटवरून उतरणारी पायवाट अजून आहे, आणि वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा तिथूनच अखंड दिसतो.