रिकामी बाटली रिकामी नसते

कीटकनाशकाची बाटली संपली की शेतातून घरी येते. प्लास्टिक जाड असते, झाकण घट्ट बसते. धुऊन घेतली की डिझेल, फिनेल, कधी खायचे तेलही तिच्यात भरले जाते. वळसंग आणि आसपासच्या दक्षिण सोलापूर भागात तुरीवर फवारणी सुरू झाली की बांधावर, विहिरीच्या कडेला आणि घराच्या माळ्यावर अशा बाटल्या साठत जातात.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तपास करणाऱ्यांचे म्हणणे होते. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा फवारणीची चर्चा झाली, बाटल्यांची फारशी नाही.

बाटली साबणाने विसळून विष जात नाही. फवारणी चालू असतानाच तिच्यात पाव भाग पाणी घालून, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचे आणि ते पाणी पंपातच ओतायचे. असे तीनदा. मग तळाला भोक पाडायचे, म्हणजे पुन्हा कुणाला ती वापरावीशी वाटणार नाही. बाटल्या पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून त्या उघड्यावर टाकू नयेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. एवढे करूनही ती बाटली स्वयंपाकघरात आणू नये, आणि चुलीत तर मुळीच घालू नये. तो धूर भाकरी करणाऱ्या बाईच्याच छातीत जातो.

घरातले विष एवढेच नाही. रंगाचे डबे, संपलेले सेल, सीएफएल बल्ब आणि ट्यूबलाइट, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, इन्सुलिनच्या सुया या सगळ्याला २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा म्हटले होते. शहरात दर २० चौरस किलोमीटरमागे तो जमा करण्याचे एक केंद्र असावे, असेही त्यात होते. खेड्यातल्या माणसाने काय करावे? एकटे घर काही करू शकत नाही. गटारात ओतले तर ओढ्यात, पुरले तर बोअरच्या पाण्यात.

पाणवठा, रस्ता आणि लोक बसतात ती सावली, या तीन जागी घाण करण्यापासून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सावध केल्याचे हदीसमध्ये आले आहे. आपल्या बाटल्या नेमक्या याच तीन जागी पडलेल्या असतात.

मशिदीची कमिटी, ग्रामपंचायत आणि बायकांचा बचत गट एकत्र आले तर वर्षातून दोनदा, जुम्म्याच्या नमाजनंतर, सर्व समाजांच्या घरांतून हा कचरा गोळा करता येईल. पण घाई नको. आधी माल पुढे कोण नेणार ते ठरवावे, मगच पुकारा करावा. नाहीतर मशिदीच्या दारात विषाचा ढीग उभा राहील. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय सोलापुरात आहे. ग्रामपंचायतीच्या पत्रावर तिथे विचारणा करता येते. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. सुयांबद्दल जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे, कारण दवाखान्यांना त्यांच्या कचऱ्याची वेगळी व्यवस्था ठेवावीच लागते.

आणताना प्रत्येक वस्तू मूळ बाटलीत, लेबलासह असावी. दोन बाटल्यांतले उरलेले एकत्र करू नये. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर शेजारी-शेजारीही ठेवू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत श्वास कोंडतो. मुलांना हे उचलायला पाठवू नये, मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. तोपर्यंत सगळे एका कुलूपबंद पेटीत, धान्यापासून लांब ठेवावे. कुणी चुकून प्यायलेच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा आणि ती बाटली लेबलासकट डॉक्टरांकडे न्या.