निवासमंडपाची पूर्तता

काम आरंभिणारे पुष्कळ असतात, परंतु तें शेवटास नेणारे थोडे. वर्षारंभीं वहीचीं पहिलीं पानें कशीं असतात आणि अखेरचीं कशीं होतात, हें विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको. म्हणून पवित्र शास्त्रांतील एका पुऱ्या झालेल्या कामाचा आपण येथें विचार करूं.

यहूदी शास्त्रांतील निर्गम नामक पुस्तकाच्या शेवटल्या ६ अध्यायांत निवासमंडपाच्या बांधणीची हकीकत आहे. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक सीनाय पर्वतापाशीं तळ देऊन असतां, परमेश्वरानें आपणांमध्यें वस्ती करावी म्हणून त्यांनीं हा तंबू उभारिला. फळ्या, पडदे, कड्या यांच्या याद्या वाचतांना पुष्कळांस कंटाळा येतो. परंतु हें काम करणारे लोक कोण होते तें आठवावें. थोड्याच काळापूर्वीं ह्यांनींच कानांतील कुंडलें काढून देऊन सोन्याचें वासरूं करविलें होतें व त्यास नमन केलें होतें. देवानें त्यांस क्षमा केली आणि त्यांच्याच हातीं आपलें काम सोंपविलें. तेव्हां त्यांनीं इतकीं अर्पणें आणिलीं कीं, आतां पुरे, असें मोशेस छावणींत जाहीर करवावें लागलें. खऱ्या पश्चात्तापाची ओळख पुढच्या कामावरून पटते.

दुसरी गोष्ट चांदीच्या हिशेबाची. २० वर्षें व त्यावरील वयाच्या प्रत्येक पुरुषानें अर्धा शेकेल द्यावयाचा होता. श्रीमंतानें अधिक देऊं नये, गरिबानें कमी देऊं नये, असा नियम होता. गणतींत ६,०३,५५० पुरुष भरले. त्यांचे ३,०१,७७५ शेकेल झाले. ३,००० शेकेलांचा १ किक्कार, ह्या मापानें ते १०० किक्कार व वर १,७७५ शेकेल होतात. मुलांनीं गणित करून पाहावें. त्या १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या: ४८ फळ्यांखालीं प्रत्येकी २ प्रमाणें ९६, आणि अंतरपटाच्या खांबांखालीं ४. म्हणजे एकेका बैठकेंत ६,००० माणसांचें दान होतें. फळ्या सोन्यानें मढविलेल्या होत्या. त्यांच्या बुडाशीं असलेली गरिबाची चांदी कोणी ओळखूं शकत नव्हता. तरी तिच्यावांचून एकही फळी उभी राहिली नसती. स्त्रियांनीं बकऱ्यांचे केस कांतून दिले. दर्शनमंडपाच्या दाराशीं सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचें गंगाळ झालें. ज्यांत पूर्वीं मुख पाहावयाचें, त्याच धातूच्या पात्रांतील पाण्यानें याजक हातपाय धुऊं लागले.

बसालेल व अहलियाब हे मोठे कुशल कारागीर होते. तथापि शास्त्रकार त्यांच्या कीर्तीवर रेंगाळत नाहीं. याजकांच्या वस्त्रांच्या वर्णनांत ७ वेळां आणि मंडपाच्या उभारणींत ७ वेळां, हें सर्व परमेश्वराच्या आज्ञेप्रमाणें झालें, एवढेंच तो नमूद करितो. मोशेनें काम तपासून पाहिलें, तें आज्ञेबरहुकूम आढळलें, आणि मग त्यानें लोकांस आशीर्वाद दिला.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत, पहिल्या दिवशीं, मंडप उभा राहिला. मिसर सोडल्यास अद्याप वर्षही पुरें झालें नव्हतें. मेघानें मंडप झांकिला, परमेश्वराच्या तेजानें तो भरून गेला. आणि ज्यानें तो उभारिला त्या मोशेलाच आंत जातां येईना! आम्हांस ह्या वृत्तांतांतील हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. काम अर्धवट टाकणें हा दोष खराच. पण तें पुरें झाल्यावर, हें माझें, असें म्हणून त्यांत आपणच ठाण मांडून बसणें हाही तितकाच मोठा दोष आहे.

मनुष्याचें शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें प्रेषित पौल शिकवितो. त्या दृष्टीनें प्रत्येक मूल एक निवासमंडपच होय. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या विद्येच्या बुडाशीं आईबापांच्या काटकसरीच्या कितीएक बैठका आहेत, त्या विसरूं नका. आणि हातीं घेतलेला पाठ, मग तो कोणी तपासो वा न तपासो, शेवटास न्या. आईबापांस व आम्हां शिक्षकांस मोशेचा धडा आहे. मुलांस घडविणें हें आपलें काम. त्यांच्या जीवनाचे धनी होणें हें आपलें काम नव्हे. मंडप उभा राहिल्यावर मोशे बाहेर थांबला. तसें बाहेर थांबण्याचें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो.