वर विस्तव, खाली विस्तव

बिबिंकाला विस्तव खालूनही लागतो आणि वरूनही. खालचा सांभाळणे सोपे; कसब आहे ते वरच्याचे. मातीच्या पसरट खापरात केळीचे पान, पानावर तांदळाचे ओले पीठ, वर पत्र्याचे झाकण आणि झाकणावर लाल निखारे. लॉस बान्योसच्या चर्चबाहेर एक बाई अशी पाच-सहा खापरे एकटीने सांभाळते. चिमट्याने झाकण किंचित उचलायचे, वास घ्यायचा, पुन्हा ठेवायचे. घड्याळाकडे ती बघतच नाही.

मनिलाच्या दक्षिणेला, लागुना प्रांतातले हे गाव. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० पासून इथे आहे आणि नवऱ्याच्या तिथल्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाडही. डिसेंबरच्या १६ तारखेपासून २४ पर्यंत नऊ दिवस पहाटे ‘सिम्बांग गाबी’ची प्रार्थना होते. ती संपली की सगळी गर्दी या चुलींकडे वळते. आम्ही जरा आधीच येतो, म्हणजे सासूबाईंना बाकावर टेकायला जागा मिळते आणि मुलांना पीठ ओतण्यापासून सगळे बघता येते.

तांदूळ रात्रभर भिजवून पाण्यासकट दळलेले असतात. त्यात नारळाचे दूध, साखर, अंडी. पान आधी जाळावर धरून मऊ करून घेतात, नाहीतर खापरात बसवताना फाटते. पीठ अर्धवट आवळले की बाई झाकण बाजूला करते, खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या आणि चीज पेरते, आणि निखारे पुन्हा वर. शेवटी लोणी, साखर आणि ओल्या नारळाचा चव. पान कडेला करपलेले असते. तो धुराचा वास पिठात उतरतो आणि माझ्या मते सगळी चव तिथेच आहे. गोव्याच्या बेबिंकालाही वरून निखाऱ्यांची धग देत, पण ती थराथरांची, मैद्याची आणि अंड्याच्या बलकाची. ही तांदळाची, एकाच थराची.

सासूबाई अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी शेजारच्या चुलीवर ‘पुतो बुम्बोंग’ आहे आणि खरे सांगायचे तर तो बघायला जास्त रंगतदार. पाणी उकळणाऱ्या भांड्याच्या झाकणाला भोके असतात, त्यांत बांबूच्या बारीक नळ्या उभ्या करतात. नळीत चिकट तांदळाचे ओलसर, रवाळ पीठ. ते दाबून भरायचे नाही, वाफेला वाट हवी. जांभळा रंग येतो ‘पिरुरुतोंग’ या काळपट जांभळ्या तांदळाचा. वाफ नळीच्या तोंडाशी आली की नळी केळीच्या पानावर आपटायची. जांभळी कांडी अलगद बाहेर. त्यावर मार्गारीन, तपकिरी साखर, खोबरे. सासूबाई आल्याच्या गरम ‘सालाबात’बरोबर ती खातात आणि दुसरी सांगतात.

आयआर-८ हे भरघोस पिकणारे वाण १९६६ साली याच गावातून जगभर गेले. पिरुरुतोंग हे कमी पिकणारे जुने वाण, आता महाग आणि दुर्मीळ. म्हणून कित्येक ठिकाणी पांढऱ्या पिठाला रंग लावून काम भागवतात. दिसते तसेच, पण त्या तांदळाचा खमंगपणा रंगात कुठून येणार? अस्सल पीठ वापरणाऱ्या बाईला चार पेसो जास्त द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

एरवी मुलांची चैन रस्त्यावर असतेच. सकाळी खांद्यावर दोन डबे तोलत ‘ताहो’वाला येतो: सोयाबीनचे कोमट, लुसलुशीत दही, त्यावर साखरेचा पाक आणि साबुदाण्याचे मोती. दुपारी साखरेत तळलेली साबा केळी काडीला टोचून मिळतात. संध्याकाळी निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची आतडी, ‘इसाव’. ती नवरा आणि थोरली आवडीने खातात, व्हिनेगरमध्ये बुडवून.

डिसेंबरात फिलिपिन्सला येणार असाल तर मॉलमधल्या ओव्हनच्या बिबिंकावर समाधान मानू नका. पहाटे चारला घरातल्या सगळ्यांना उठवा, जवळच्या चर्चबाहेर जा आणि झाकणावर निखारे दिसतील तिथेच बसा. अंडे चालत नसेल तर पुतो बुम्बोंग मागा, आणि गरम असतानाच खा. गार झाला की चिवट होतो.